मजा देणारी गाडी घ्यावी का? बाबा म्हणतात नको (चोर्ला, अनमोड आणि आपले गोव्याचे रस्ते)

फोंडेकार | रविवार, रात्री ९:५०

धागा काढायचं कारण तसं घरगुती आहे. आमची जुनी हॅचबॅक तेरा वर्षांची झाली, चवथ झाली की नवीन घ्यायची असं ठरलंय. मला हवीय आय-ट्वेंटी एन लाइन, मॅन्युअल. ९९८ सीसीचं टर्बो इंजिन, १२० पीएस, चारही चाकांना डिस्क, साध्या आय-ट्वेंटीपेक्षा सस्पेन्शन जरा कडक आणि एक्झॉस्ट थोडा घुमणारा. म्हणजे काय फेरारी नाही मागत मी. पण बाबा अडून बसलेत. बाबा कदंबाचे रिटायर्ड ड्रायव्हर, एकतीस वर्षं बस चालवली, फोंडा-मडगाव म्हणू नका वास्को म्हणू नका, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला ओरखडा नाही. त्यांना मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तर दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ही गाडी तुला गप्प बसू देणार नाही." झालं. पुढे एक शब्द नाही, पेपर उघडला. बायको तटस्थ आहे, तिला लाल रंग आवडलाय.

तर प्रश्न असा की चालवायला मजा येणारी गाडी असली म्हणून रस्ता खरंच जास्त धोक्याचा होतो का, की हा नुसता जुन्या लोकांचा समज? ह्या गाडीपेक्षा ती घे असले सल्ले नकोत प्लीज, त्याचे पन्नास धागे आहेत.

टॉर्कवेडा | रविवार, रात्री १०:१५

घे रे बिनधास्त. माझ्याकडे जुनी फिएस्टा १.६ एस आहे, बारा वर्षं झाली, क्लेम शून्य. लोकांना वाटतं स्पोर्टी म्हणजे फास्ट, तसं नसतं. स्पोर्टी म्हणजे स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, ब्रेक दाबला की गाडी सरळ रेषेत बसते, वळणावर अंग टाकत नाही. माझ्या गाडीत साठलाच एवढी मजा येते की शंभरला जायची गरजच पडत नाही. उलट हे जे उंच, डुलणारे, सोफ्यासारखे डबे आहेत ना त्यात बसून लोक एका हातात मोबाईल घेऊन चालवतात कारण दुसरं करण्यासारखं काही नसतंच. मजा येते म्हणून माझं लक्ष रस्त्यावर असतं, हे कुणीच लक्षात घेत नाही.

आणि बाणस्तारीच्या पुलावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये तीन जीव गेले ती काय स्पोर्ट्स कार होती? मोठी एसयूव्ही होती.

केरीची_माई | रविवार, रात्री ११:०५

मी सहसा वाचून गप्प बसते पण आज राहवत नाही. आमचं घर सत्तरीत केरीला, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून. दर रविवारी सकाळी साडेसहापासून आमच्याकडे जो काय कार्यक्रम असतो तो टॉर्कवेडासाहेबांनी एकदा येऊन ऐकावा. आधी लांबून आवाज येतो, मग गियर खाली टाकल्याचा भडभडाट, मग टायरची किंचाळी, मग दुसरी गाडी, मग तिसरी. पणजीकडनं वर जाणारे आणि बेळगावहून खाली येणारे, दोन्ही. वर जाऊन चहा पितात, फोटो काढतात, परत खाली. आमच्या आंगणाची चिऱ्याची भिंत दोनदा पडलीय. पहिल्या वेळी त्या मुलाने पैसे दिले, दुसऱ्या वेळी रात्री पडली, सकाळी फक्त बंपरचा तुकडा मिळाला.

तुम्ही सगळे "मजेची वळणं" म्हणता ना, ती वळणं म्हणजे कुणाचंतरी आंगण असतं. सासूबाई तुळशीला पाणी घालतात ती जागा आणि तुमचा ॲपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, यात सहा हातांचं अंतर आहे. (हा शब्द मला ह्या फोरमवरच कळला.)

टॉर्कवेडा | रविवार, रात्री ११:२०

माई, तुमचा राग समजतो पण ते लोक वेगळे. त्यांना गाडीची नाही, इन्स्टाची मजा असते. त्यांना बैलगाडी दिली तरी ते तेच करतील.

केरीची_माई | रविवार, रात्री ११:२४

बैलगाडीने भिंत पडली नसती हो दादा.

सुशेगाद | सोमवार, सकाळी ७:४०

माई १, टॉर्क ० 😄

गणिताचे_सर | सोमवार, दुपारी १:१०

डबा खाता खाता लिहितोय त्यामुळे थोडक्यात. थोडक्यात म्हणतो खरा पण मला ते जमत नाही हे इथले जुने लोक जाणतात.

सरळ रस्त्याचं आधी घेऊ. कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर, ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. ताशी ६० ला त्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी साधारण २०, म्हणजे ३७ मीटरवर ती उभी. आता तीच गाडी ८० ला घ्या. त्या सेकंदातच २२ मीटर गेले, ब्रेकला उरले १५. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली त्या जागी ही गाडी अजून ६० च्याच आसपास पळत असते. वीसचा फरक वीसचा नसतो. हे मी नववीच्या वर्गात सांगतो तेव्हा मुलं मला सांगतात सर तुमचं चुकलं, मग स्वतः करून बघतात आणि गप्प होतात. पावसाळ्यात ते २० चे सहज ३५ मीटर होतात ते वेगळंच.

पण ह्यात गाडी स्पोर्टी की साधी हे आलंच नाही, टॉर्कवेडा हेच म्हणणार, म्हणून वळणाचं घेतो. आपल्या गावातलं एक वळण घ्या, त्रिज्या तीस मीटर, आतल्या बाजूला चिऱ्याची भिंत आणि त्यावर फणस वाकलेला, पलीकडचं वीसच मीटर दिसतं. ४० ने गेलात तर गाडीवर साधारण ०.४ जी चा आडवा जोर येतो, ५० ने गेलात तर ०.६५. साध्या जुन्या गाडीत ५० ला टायर ओरडतात, बायको ओरडते, मागच्या सीटवरची नारळाची पिशवी सांडते, माणूस आपोआप वेग कमी करतो. चांगल्या स्पोर्टी गाडीत ५० ला काहीच होत नाही, गाडी मजेत वळते. आता बघा, ४० ने जाताना पूर्ण थांबायला २० मीटर लागतात, ५० ने जाताना २८. आणि तुम्हाला दिसतायत वीस. वळणापलीकडे पोदेर (पाववाला) सायकलवर उभा असेल किंवा गाय बसली असेल तर ४० वाला जेमतेम वाचवतो, ५० वाल्याकडे आठ मीटर कमी आहेत, मग त्याचे टायर जगातले भारी का असेनात.

म्हणजे गाडीची पकड वाढली पण तुमचं दिसणं वाढलं नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर वेगाची हद्द टायर ठरवत नाही, भिंत ठरवते.

टॉर्कवेडा | सोमवार, दुपारी २:०५

सर गणित मान्य. पण पोदेराला बघून आठ मीटर जास्त लागणार हे ज्याला कळत नाही तो ड्रायव्हर कुठल्याही गाडीत घाण आहे. चांगला ड्रायव्हर दिसतं तेवढ्यात थांबेल अशाच वेगाने जातो, कुठल्याही गाडीत.

गणिताचे_सर | सोमवार, दुपारी २:११

बरोबर. असे किती ओळखतोस?

म्हापशेकर_गाडीवाला | सोमवार, संध्याकाळी ६:३०

माझा धंदा रेंट-अ-कॅबचा, काळी पाटी पिवळी अक्षरं, सहा गाड्या आहेत, त्यामुळे मला शिव्या घालणार असाल तर आधीच घाला आणि मोकळे व्हा.

माझ्या सहातली एकही स्पोर्टी नाही. चार साध्या छोट्या ऑटोमॅटिक, दोन सात सीटर. तरी सीझनला दर महिन्याला एक तरी ठोकून येते. कुणी ठोकली? ज्याने शहरात रोज बंपर टू बंपर चालवली, कधी दोन लेनच्या गावातल्या रस्त्यावर समोरून बस आली नाही, त्याने. नकाशा सांगतो डावीकडे, हा डावीकडे, तिथे खुरीस (क्रूस) आणि त्याच्यापुढे थेट शेत. रात्री हणजुणेहून परत येताना तर काय सांगू नका. मागे एक जण गाडी परत देताना मला विचारतो, भाऊ हिच्यात पॉवर का नाही. मी म्हटलं बाबा पॉवर असती तर तू आज मला भेटला नसतास.

पण एक खरं सांगतो. ओपन जीप भाड्याने मागणारे आणि छोटी हॅच मागणारे हे वेगळे लोक असतात. जीपवाला फोनवरच विचारतो बीचवर नेता येते का. म्हणून मी ठेवतच नाही जीप, नुकसान होतं माझं पण झोप लागते. तेव्हा गाडी माणूस बिघडवते का मला माहीत नाही, पण कुठला माणूस कुठली गाडी मागतो हे मात्र मी बघितलंय.

नाईट_ड्युटी | मंगळवार, पहाटे ४:२०

नर्स आहे, कॅज्युअल्टीत. नाव गाव विचारू नका.

आमच्याकडे ॲक्सिडेंट येतो तेव्हा गाडीचं मॉडेल कुणी सांगत नाही. "गाडयेन मारलो" एवढंच. आणि येतात ते बहुतेक करून स्कूटर मोटरसायकलवाले. गोव्यात वर्षाला अडीचशे-तीनशे माणसं रस्त्यावर जातात, त्यातले बहुतेक दुचाकीवरचे. इथे सगळी चर्चा गाडीच्या आत बसलेला काय अनुभवतो ह्यावर चाललीय, सहा एअरबॅग, चार डिस्क वगैरे. बाहेरच्याला एअरबॅग नसते. बाकी चालू द्या, ड्युटी संपवते.

सुशेगाद | मंगळवार, सकाळी ८:१५

वरच्या पोस्टनंतर विनोद करायचा नव्हता म्हणून जरा सिरियस लिहितो, सवय नाही, सांभाळून घ्या.

आमच्या पप्पांची पद्मिनी होती. ऐंशीला डॅशबोर्ड नाचायचा, दार वाजायचं, इंजिनचा वास आत यायचा, आई नाव घ्यायला लागायची. कुणी स्पीडोमीटर बघतच नव्हतं, गाडीच सांगायची की पुरे आता. आज माझ्या भावाची डिझेल एसयूव्ही आहे, अजिबात स्पोर्टी नाही, फॅमिली गाडी म्हणून घेतलेली. मोपाच्या लिंक रोडवर गप्पा मारत मारत १२० कधी झाले त्याला कळलंच नाही, ती टुंग टुंग वाजायला लागली तेव्हा कळलं. हे २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत बसवलंय, ८० नंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत. भावाने काय केलं? गाणी मोठी केली.

मला वाटतं स्पोर्टी गाडी निदान बोलते तरी. आवाज, स्टिअरिंग, बूड, सगळीकडून कळतं की आपण वेगात आहोत. ही मुकी गाडी काहीच सांगत नाही. फोंडेकार, तुझ्या बाबांना विचार, गप्प न बसू देणारी बरी की गप्प बसवून १२० ला नेणारी बरी.

विमा_विमा | मंगळवार, दुपारी १२:५०

दोन मुद्दे, दोन्ही कोरडे आहेत पण कामाचे.

पहिला. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी हायवे सेफ्टीची एक संस्था आहे, आयआयएचएस. ती दर काही वर्षांनी मॉडेलवार आकडे काढते, दर दहा लाख नोंदणीकृत गाड्यांमागे वर्षाला किती ड्रायव्हर मेले. २०२३ मध्ये २०२० च्या मॉडेलांचे आले. त्यात सगळ्यात वाईट कोण? मित्सुबिशी मिराज जी-फोर, एक गरीब छोटी सेडान, २०५. तिच्यात मजा शोधून सापडणार नाही. लहान आणि हलकी, म्हणून आतला मरतो. पण त्यांनी दुसरं कोष्टकही केलं, की ह्या गाडीशी टक्कर होऊन समोरच्या गाडीतले ड्रायव्हर किती मेले. तिथे पहिला नंबर डॉज चार्जर हेमी, १६४. मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनची दांडगी गाडी. आतल्यांच्या यादीतसुद्धा मसल गाड्या वरच्याच बाजूला होत्या, आणि त्या काही लहान हलक्या नाहीत, मग कारण काय उरतं ते तुम्हीच बघा. म्हणजे नर्सताई म्हणतात तेच, आतून बघायचं की बाहेरून.

दुसरा मुद्दा घरचा. आपल्याकडे थर्ड पार्टी प्रीमियम सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरांत हजार सीसीपर्यंत २०९४ रुपये, हजार ते दीड हजार ३४१६, त्यावर ७८९७. फोंडेकारची १२० पीएसची टर्बो ९९८ सीसी आहे, म्हणजे ती सगळ्यात स्वस्त खान्यात बसते, मारुतीच्या साध्या छोट्या गाडीच्या शेजारी. आणि एखाद्याकडे जुनी सुस्त १.६ असेल तर तो जवळपास चौपट भरतो. टर्बो आल्यापासून सीसीला काही अर्थ उरला नाही पण कोष्टक तसंच.

टॉर्कवेडा | मंगळवार, दुपारी १:३०

म्हणजे मी फिएस्टावाला चौपट भरतोय आणि हा एन लाइनवाला पाव?? हा खरा अन्याय, ह्यावर वेगळा धागा काढा 😡

मेलबर्नहून_ताई | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

माहेर काणकोण, आता इथे सोळा वर्षं. मुलाला नुकती पी प्लेट (नवीन ड्रायव्हरची पाटी) मिळाली म्हणून हा विषय आमच्या घरात रोज जेवताना असतो. इथे व्हिक्टोरियात नवीन ड्रायव्हरला टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये पण आहे. म्हणजे सरकारने मान्य केलंय की गाडीचा काहीतरी संबंध आहे, निदान पोरगा विशीत असताना.

पण गंमत म्हणजे फोंडेकारची गाडी टनामागे ऐंशीच्या आसपास येते. इथल्या नियमाने ती माझ्या मुलालाही चालते! त्या हिशोबाने तुमच्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या कुठल्याच यादीत अडकणार नाहीत. तेव्हा स्पोर्टी कशाला म्हणायचं हे आधी ठरवा.

बाणावलीचो_बाब | मंगळवार, रात्री ९:००

स्पोर्टी म्हणजे ज्याला मागे मोठा पंख आणि पुढे लहान मेंदू. मी हा शनिवारचा फोटो टाकतोय बघा वेर्ण्याच्या पठारावरचा [फोटो काढून टाकला]

संपादक | मंगळवार, रात्री ९:१२

नंबर प्लेट दिसत होती म्हणून फोटो काढलाय. इथे कुणाच्या गाडीचे नंबर टाकू नका, पोलिसांकडे द्या.

गणिताचे_सर | मंगळवार, रात्री ९:४०

सुशेगाद यांचा मुकी गाडीचा मुद्दा आवडला पण पूर्ण पटला नाही. जर्मनीत म्युनिकला ऐंशीच्या दशकात एक प्रयोग झाला होता. टॅक्सीच्या ताफ्यातल्या काही गाड्यांना नवीन आलेलं एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बसवलं, काहींना नाही, आणि काही वर्षं हिशोब ठेवला. अपघात एबीएसवाल्यांचे कमी व्हायला हवे होते, झाले नाहीत. कारण ड्रायव्हर वळणं जोरात घेऊ लागले, पुढच्या गाडीच्या जवळ जाऊ लागले. गाडीने जे जास्तीचं दिलं ते त्यांनी वेगात खर्च करून टाकलं. तेव्हा बोलकी असो नाहीतर मुकी, प्रश्न हा आहे की गाडीने दिलेली शिल्लक तुम्ही खिशात ठेवता की उडवता. आणि मजेची गाडी शिल्लक उडवायला फार गोड बोलते. फोंडेकारच्या बाबांचं ते "गप्प बसू देणार नाही" म्हणजे हेच असावं असं मला वाटतंय, म्युनिकला न जाता.

टॉर्कवेडा | मंगळवार, रात्री १०:३०

ठीक आहे, खरं सांगतो. इतके दिवस "क्लेम शून्य" सांगत आलोय ते खरंच आहे, पण क्लेम झाला नाही म्हणजे काही झालं नाही असं नाही. तीन वर्षांमागे अनमोडला जुलैमध्ये, मोलेवरनं वर जाताना, धुकं, मला तो रस्ता पाठ, एका वळणावर आत शिरलो आणि समोर ट्रक बंद पडलेला, मागे झाडाची फांदी ठेवलेली, एवढंच. गाडीने वाचवलं. खरंच गाडीनेच वाचवलं, दुसरी कुठली असती तर मी ट्रकखाली. घरी येऊन सगळ्यांना हेच सांगितलं की बघा काय हँडलिंग आहे. पण सरांचं गणित वाचल्यापासून डोक्यात येतंय की दुसरी कुठली गाडी असती तर मी त्या वळणावर त्या वेगाने गेलोच नसतो.

गाडी विकणार नाहीये. उगाच कुणी टाळ्या वाजवू नका. माई, रविवारी आम्ही चोर्ल्याला येणाऱ्यांपैकी नाही, पण आमच्या ग्रुपवर तुमची पोस्ट टाकलीय.

केरीची_माई | बुधवार, सकाळी ६:५०

टाकलीत ते बरं केलंत. त्यांना हेही सांगा की वळणावर हॉर्न वाजवा. आधीच्या काळी प्रत्येक गाडी, ट्रक, बस, आमच्या वळणाआधी हॉर्न द्यायची, आम्ही मुलांना हाक मारून आत घ्यायचो. आता हे लोक येतात, एक्झॉस्टचा एवढा आवाज पण हॉर्न नाही. आणि तो आवाज डोंगरात घुमतो, गाडी वरून येतेय की खालून तेच कळत नाही. हॉर्नला दिशा असते.

फोंडेकार | शनिवार, रात्री ८:३०

उशीर झाला, माफी. आज टेस्ट ड्राइव्ह झाली. शोरूमचा मुलगा म्हणाला वीस मिनिटं, बाबांनी त्याला मागे बसवलं, त्याच्या गावची चौकशी केली, तो निघाला शिरोड्याचा, त्याचे आजोबा बाबांच्या बसने यायचे, मग वीस मिनिटांचा दीड तास झाला. फर्मागुडी उतरून बोरीपर्यंत मी चालवली. सरांचं ४० आणि ५० डोक्यात होतं त्यामुळे तीसनेच गेलो, मागून स्कूटरवाले ओव्हरटेक करून बघत होते. तरी मजा आली, टॉर्कवेडा तू म्हणतोस ते खरं आहे, हाताला सगळं कळतं.

बोरीच्या पुलापलीकडे बाबा म्हणाले गाडी थांबव. उतरले, फिरून ड्रायव्हरच्या बाजूला आले. येताना त्यांनी चालवली. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना खाजगी गाडीत दुसऱ्यावरून तिसरा गियर इतका हळू, इतका बरोबर टाकताना बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं पण मी विचारलं नाही. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न, बसचा देतात तसा लांब.

घरी आलो. आईने चहा दिला. अर्धा तास गप्प. मग मला म्हणाले, "गाडी बरी आसा. हॉर्न बारीक आसा."

बुकिंग उद्या. लाल.

सुशेगाद | शनिवार, रात्री ८:३४

पार्टी कधी

टॉर्कवेडा | शनिवार, रात्री ८:४१

अभिनंदन!! हॉर्नसाठी विंडटोनची जोडी घे, प्रेशर हॉर्न नको, तो चालत नाही. आणि रिले घालूनच बसव, ओरिजिनल वायर कापू देऊ नकोस, वॉरंटीची कटकट होते. फोंड्यात कुणी बरा इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर सांगा रे ह्याला.

केरीची_माई | शनिवार, रात्री ९:०२

तिस्कावर माझा भाचा करतो. मेसेज करते.